बारा तासांची माउंटन बाइक (एमटीबी) रेस: पडलेला रायडर किती मिनिटांत सापडेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या सायकलवाल्यांचा एक गट डिसेंबरात काटोल रोडच्या बाजूला चोवीस तासांची माउंटन बाइक रेस घेऊ म्हणतो. साठेक रायडर, वीस किलोमीटरचा एक लॅप, म्हणजे एक फेरी, आणि त्यातला काही भाग गोरेवाड्याच्या जंगलातून. नियम कोणते ठेवायचे, रायडरकडे सक्तीनं काय काय हवं आणि एक ॲम्ब्युलन्स पुरेल का, हे त्यांनी विचारलं आहे. आधी रायडर म्हणून आणि नंतर आयोजक म्हणून मी अशा रेसेसमध्ये बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा लांबून सांगतो.

नियम लिहायला बसण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर मांडा. लॅपवरच्या सर्वांत अडचणीच्या जागी, सर्वांत वाईट वेळी एक रायडर पडला आणि बेशुद्ध झाला, तर ते तुम्हाला किती मिनिटांत कळेल? आणि कळल्यावर स्ट्रेचर तिथं किती मिनिटांत पोचेल? हे दोन आकडे खाली आणणारा नियम कामाचा. बाकीचे नियम निकालाची भांडणं मिटवायला लागतात, तेही लागतातच, पण ते नंतर.

या कसोटीवर तुमचा वीस किलोमीटरचा लॅप टिकत नाही. रात्री, थकलेला हौशी रायडर तेवढ्या अंतराला दोन तास घेतो. तो सुरुवातीच्याच नाल्यात पडला आणि कुणाला दिसला नाही, तर तो परत का आला नाही हे टायमिंगच्या टेबलवर दोन तासांनी लक्षात येणार. लॅप आठ किलोमीटरचा करा. साठ रायडर आठ किलोमीटरवर पसरले तर सरासरी दर सव्वाशे-दीडशे मीटरला एक जण येतो. निम्मे पिटमध्ये, म्हणजे विश्रांती-दुरुस्तीच्या तळावर, बसलेले असले तरी पडलेल्या माणसापाशी मिनिट-दीड मिनिटात कुणीतरी पोचतं. शिवाय प्रत्येक जण पाऊण तासाच्या आसपास तुमच्या समोरून जातो, म्हणजे प्रत्येक लॅपला हजेरी लागते. सायकलवर लावलेली टायमिंगची चिप असो वा वहीत नंबर लिहिणारी दोन पोरं असोत, टायमिंगचं काम आधी सुरक्षिततेचं आहे आणि मग निकालाचं. एखाद्या रायडरला त्याच्या स्वतःच्या सरासरी लॅपच्या दीडपट वेळ लागला, की मार्शलना, म्हणजे लॅपवर जागोजागी उभ्या केलेल्या आपल्या माणसांना, विचारणा सुरू. दुप्पट झाला, की मोटारसायकल सुटली पाहिजे. हे आकडे भिंतीवर लावा आणि टेबलवरच्या माणसाला हे एकच काम द्या. त्याला चहा आणायला पाठवू नका.

आता चोवीस तासांबद्दल. डिसेंबरच्या मध्यात नागपुरात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि साडेपाचच्या थोडं पुढं मावळतो. म्हणजे चोवीसपैकी तेरा तास अंधार. दहा वॅटचा दिवा तेरा तास चालवायचा तर १३० वॅट-अवर वीज लागते. चार सेलचा नेहमीचा बॅटरी पॅक साधारण ४० ते ४५ वॅट-अवर देतो. एका दिव्याला तीन पॅक लागतील आणि सक्तीनं दोन दिवे म्हटले तर सहा. साठ जणांचे पॅक शेतात जनरेटरवर चार्ज करत बसायचं, आणि त्याच वेळी पहाटे तीनला झोपेनं पेंगणारे मार्शल नाल्याकाठी उभे ठेवायचे. पहिल्या वर्षी हे करू नका. चोवीस तासांच्या या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १९९२ मध्ये झाली, तीही टीमच्या रिलेनं. एकट्यानं पूर्ण चोवीस तास चालवण्याचं वेड नंतर वाढलं.

माझी शिफारस: पहाटे पाच ते संध्याकाळी पाच, बारा तास. अंधाराचा पावणेदोन तासांचा तुकडा सुरुवातीला येतो, तेव्हा रायडर ताजे असतात, बॅटऱ्या भरलेल्या असतात आणि मार्शल जागे असतात. सकाळी सातला सुरू करून संध्याकाळी सातला संपवणारे बरेच असतात. त्यात अंधाराचा तुकडा दहा तास चालवून पाय आणि डोकं दोन्ही जड झालेल्या माणसाच्या वाट्याला येतो, आणि कुणी हरवलंच तर शोध अंधारात घ्यावा लागतो. पाचला संपवलं तर शोधाला अर्धा तास उजेड शिल्लक राहतो. शेवटच्या लॅपला सव्वाचारनंतर कुणालाही सोडू नका, कितीही हात जोडले तरी. पाचच्या ठोक्याला अर्ध्यात असलेला लॅप मोजायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. दोन्ही पद्धती चालतात. पण ते छापील नियमात आधी असू द्या, कारण सगळ्यात कडवट वाद याच एका ओळीवरून होतात.

गोरेवाडा विसरा. ते वनक्षेत्र आहे, तिथं बिबट आहेत आणि अंधारात तिथं साठ सायकली घालणं रायडरसाठीही बरं नाही आणि जनावरांसाठीही. अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहेच. पण साध्या राखीव जंगलातून दोनशे मीटर लॅप जात असेल तरी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. खरं तर आपल्याला जंगलाची गरजच नाही. कळमेश्वर-काटोल पट्ट्यात मुरमाच्या टेकड्या, पांदण रस्ते आणि नाल्यांचे उतार यांतून उत्तम लॅप निघतो.

मात्र शेतशिवारातून लॅप नेला की वेगळ्या गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि पुण्या-मुंबईच्या नियमावल्या उचलून आणणाऱ्यांना त्या सुचत नाहीत. डिसेंबरात तूर उभी असते, कपाशीची वेचणी चालू असते आणि रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी रात्रभर जागल करतात. अंधारातून अचानक वीस दिवे खाली धावत आले तर जागलीवरचा माणूस दचकणारच. आठवडाभर आधी प्रत्येक शेतमालकाला भेटा, ग्रामपंचायतीत सांगा, दवंडी द्या. त्याहून मोठी गोष्ट तारेची. कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडणं बेकायदेशीर आहे, तरी काही ठिकाणी सोडतात आणि त्यानं जनावरं मरतात, माणसंही मरतात. म्हणून लॅपच्या दोन्ही बाजूंच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, प्रत्येक तार पायी चालून बघा, मालकाला थेट विचारा आणि मनात शंका राहिली तर लॅप तिथून वळवा. शेतीच्या पंपाला बऱ्याचदा रात्रीचीच वीज मिळते, त्यामुळे पहाटे पांदणीवर आडवे पाइप, केबल आणि चिखल असू शकतो. काल कोरडी असलेली पांदण आज काळ्या मातीचा रबडा झालेली सापडते. पहिला रायडर सोडण्याआधी साडेचारला एक मोटारसायकल पूर्ण लॅप फिरून आलीच पाहिजे. त्या फेरीनं रस्त्यावरची जनावरंही बाजूला होतात.

खुणांबद्दल आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची, म्हणजे यूसीआयची पद्धत सरळ उचला, ती फार चांगली आहे. प्रत्येक वळणाच्या थोडं आधी एक बाण, वळणावर एक आणि वळल्यानंतर खात्रीसाठी आणखी एक. चुकीच्या वाटेवर फुली. धोक्याला खाली तोंड केलेले बाण: साध्या धोक्याला एक, गंभीरला दोन, अतिशय गंभीरला तीन. तीन बाणांच्या जागी मार्शल, शिट्टी आणि पिवळा झेंडा हवाच, आणि शेजारून पायी उतरायची सोपी वाटही हवी. बाणांवर परावर्तक पट्टी लावा, नाहीतर पहाटे ते दिसणार नाहीत. आणि लॅपवर दर पाचशे मीटरला क्रमांकाची पाटी ठोका. फोनवर ‘तुरीच्या शेताजवळ पडलाय’ असं ऐकू आलं तर त्याचा उपयोग शून्य, कारण सगळीकडे तूरच आहे. ‘पाटी ११ च्या पुढं’ म्हटलं की काम झालं.

आता रायडरकडे काय हवं. हेल्मेट, बक्कल लावलेलं, सायकलवर असेपर्यंत पूर्ण वेळ. पिटमध्ये शिरतानाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते तपासणीत बाद करा. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवं. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण उघडी नळी पडताना मांडीत किंवा पोटात घुसते, म्हणून बूच नसेल तर सुरुवात नाही. दोन्ही ब्रेक, दोन्ही एक्सल हातानं तपासा. उजाडेपर्यंत पुढं दोन पांढरे दिवे, एक हँडलवर आणि एक हेल्मेटवर, आणि मागं लाल. दोन यासाठी की हँडलचा दिवा वळणाच्या आत पडत नाही, तो चाक वळेल तिकडंच बघतो. आणि उतारावर एक अचानक विझला तर दुसऱ्याच्या उजेडात थांबता येतं. शिट्टी, चार्ज केलेला फोन, ओळख आणि रक्तगट लिहिलेला कागद नंबर प्लेटच्या मागं. एक ट्यूब, पंप, लिव्हर, मल्टिटूल. आपल्याकडे बाभूळ आणि सराटे आहेत, तेव्हा ट्यूबलेस टायरमध्ये ताजा सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) घालून या असं आमंत्रणातच लिहा. सक्ती करू नका, सगळ्यांना परवडत नाही. कानात इअरफोन एकालाही नको, एका कानातही नको.

रेस चालू असतानाचे नियम मोजकेच ठेवा. लॅप सोडला तर जिथून सोडला तिथूनच परत शिरायचं. सायकल ढकलायला, खांद्यावर घ्यायला हरकत नाही, पण दुसऱ्या वाहनाचा आधार घेतला की बाद. मागून येणाऱ्यानं ‘उजवीकडून’ असं मोठ्यानं सांगायचं आणि पुढच्यानं पहिल्या सुरक्षित जागी वाट द्यायची. अरुंद वाटेवर ढकलणाऱ्यानं चालवणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. बाहेरची मदत, पाणी, खाणं, दुरुस्ती फक्त पिटमध्ये. हा शेवटचा नियम न्यायासाठी आहेच, पण त्यामुळं मित्रांच्या आणि घरच्यांच्या मोटारसायकली लॅपवर येत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा. रायडरनं रायडरला ट्यूब दिली तर मात्र देऊ द्या.

आणि एक नियम जाड अक्षरांत छापा, सुरुवातीच्या सूचनांत दोनदा वाचा: पडलेल्या रायडरपाशी पोचणारा पहिला जण थांबेल, दुसरा पुढच्या मार्शलपर्यंत निरोप नेईल. थांबलेल्याला त्याचा वेळ भरून मिळेल. न थांबता पुढं गेलेला बाद. वेळ भरून देण्याची सोय नसेल तर चांगली माणसंही घोटाळतात. पहिल्या तीनांत असलेल्या रायडरला थांबल्यानं आपला क्रमांक जाणार नाही हे आधीच माहीत असलं पाहिजे.

एक ॲम्ब्युलन्स पुरेल का? साठ रायडरला एक चालेल, पण अटीवर: ती रुग्णाला घेऊन बाहेर पडली की रेस थांबेल. बदली गाडी येईपर्यंत जो लॅपच्या सुरुवात-शेवटच्या लाइनवर येईल तो तिथंच थांबेल. हे ऐकून रायडर चिडतात, म्हणून आधीच लिहून द्या. पैसे जमले तर दुसरी उभी करा, टी-शर्ट कमी दर्जाचे चालतील. १०८ ची गाडी ही तुमच्या रेसची गाडी नव्हे, ती सगळ्या तालुक्याची आहे. तिच्यावर योजना आखू नका. भाड्यानं घ्याल त्या गाडीत ऑक्सिजन, मानेची कॉलर, स्पाइन बोर्ड आणि अपघात हाताळलेला डॉक्टर आहे का ते स्वतः बघा. कुठल्या रुग्णालयात न्यायचं हेही आदल्या दिवशी ठरवा: डोक्याला, पोटाला मार असेल तर थेट नागपूरच्या मेडिकलचं, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं, ट्रॉमा सेंटर किंवा तुम्ही आधी बोलून ठेवलेलं न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय. किरकोळ टाक्यांसाठी जवळचं कळमेश्वर. लॅपपासून शहरातली वाहतूक पार करायला लागणारा वेळही गाडी चालवून मोजा.

रेसच्या आधीच्या रविवारी एक रंगीत तालीम करा. लॅपवरच्या सगळ्यात वाईट जागी एका माणसाला झोपवा आणि निरोपापासून स्ट्रेचर ॲम्ब्युलन्समध्ये चढेपर्यंतचा वेळ मोजा. खडकाळ उतारावरून स्ट्रेचर नेताना चार माणसं शंभर-दोनशे मीटरमध्ये दमतात, म्हणून आठ लागतात. ही गोष्ट तालमीतच कळते. पंधरा मिनिटांच्या आत जमत नसेल तर ती जागा लॅपमधून काढा. ट्रेल कितीही सुंदर असला तरी काढा. मोबाइलला रेंज नाही अशा खोलगट जागा असतातच, तिथं वॉकी-टॉकी लागतील. परवाना न लागणारे ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले सेट भाड्यानं घ्या. परवाना लागणाऱ्या पट्ट्यातले, पण परवान्याशिवाय ऑनलाइन मिळणारे सेट नकोत.

डोक्याच्या माराबद्दल मी कडक आहे. आपटल्यानंतर रायडर उठतो, हसतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो आणि पुन्हा पायडल मारू लागतो. मार्शलनं त्याला विचारावं: आपण कुठं आहोत? कितवा लॅप चाललाय? मघाशी कुणासोबत होतास? उत्तर अडखळलं, तेच वाक्य पुन्हा आलं, मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं यांतलं काहीही दिसलं, तर त्याची रेस संपली. त्याच दिवशी परत सुरू करता येणार नाही आणि हा निर्णय डॉक्टरचा किंवा मार्शलचा, त्याचा स्वतःचा नाही, कारण निर्णय घेणाऱ्या मेंदूलाच मार बसलेला असतो. त्याला एकट्यानं घरी जाऊ देऊ नका, गाडी चालवू देऊ नका. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील तर हलवूच नका, उठून बसवण्याचा मोह आवरा.

खाण्यापिण्याचं रायडर आपापलं बघतात, पण आयोजकानं तीन गोष्टी सांगाव्यात. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत नाही. नुसतं पाणी ढसाढसा पिऊन बारा तास काढले तर रक्तातलं सोडियम खाली येतं, आणि त्याचीही लक्षणं डोकेदुखी, गोंधळ, उलटी अशीच असतात. तहानेप्रमाणे प्या, सोबत मीठ आणि खाणं असू द्या. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जावीत: केळी, खजूर, चिक्की, उकडलेले बटाटे मिठासोबत, संत्री तर आपल्याकडे त्या महिन्यात मिळतातच. आणि दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन पुढं चालवू नका, पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. आदल्या रात्री जहाल तिखट सावजी जेवण नको, हे नागपूरकरांना सांगावं लागतं. दुपारी ऊन तिशीच्या आसपास असलं तरी पहाटे पारा दहाच्या खाली जाऊ शकतो, आणि घामानं भिजून पिटमध्ये बसलेला माणूस दहा मिनिटांत कुडकुडतो. पिटमध्ये चादरी आणि गरम पाणी ठेवा.

साप थंडीत कमी दिसतात, पण मार्शल दगडावर बसतात, म्हणून त्यांना बूट आणि बॅटरी सक्तीची. चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो अवयव हलू न देता माणसाला झोपवून सर्पविषावरचं प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. झाडावर आग्यामोहोळ असेल तर लॅप तिथून लांब घ्या, आणि पिटमध्ये धूर करू नका.

एकट्यानं बारा तास चालवायला वय अठरा पूर्ण असावं. सोळा-सतराच्या मुलांना चौघांच्या टीममध्ये घ्या, पालकाची सही आणि पालक हजर, दोन्ही हवेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अज्ञान मुलाच्या सहीला करार म्हणून किंमत नाही. मोठ्यांनी केलेल्या जबाबदारीमुक्तीच्या सहीचाही फार आधार धरू नका, निष्काळजीपणा झाला असेल तर तो त्या कागदानं धुऊन निघत नाही. गटाचा अपघात विमा काढा, पण पॉलिसीत ‘शर्यत’ वगळलेली नाही ना ते वाचा. अनेक पॉलिस्यांत ती वगळलेली असते. ईबाइक घ्यायच्या असतील तर वेगळा गट, वेगळा निकाल.

परवानग्यांच्या कामाला आजच लागा: पोलीस ठाणे, ग्रामपंचायती, जिल्हा परिषदेचा रस्ता ओलांडत असाल तर त्यांचं पत्र, गरज असेल तिथं वनविभाग. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी लागते का, हे पर्यटन संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात लेखी विचारून ठेवा. अर्जासोबत लॅपचा नकाशा लागेल, त्यासाठी आत्ता एकदा चाला. मात्र आत्ता सोयाबीन उभं आहे आणि पांदणी ओल्या आहेत, म्हणून हा नकाशा कच्चाच समजा. नोव्हेंबरच्या शेवटी, सोयाबीन निघून शिवार मोकळं झाल्यावर, शेतमालकांना सोबत घेऊन तोच लॅप पुन्हा पायी चाला. त्या दिवशी ज्या धुऱ्यावर नवी तार दिसेल तिथून लॅप वळवा, पाट्यांचे क्रमांक नव्यानं टाका आणि मगच मार्शलचे नकाशे छापायला द्या.